तक्त्याची कोरी बाजू

व्हरांड्याच्या एका टोकाला भिंतीवर तक्ता, दुसऱ्या टोकाला फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ, आणि मधल्या सहा मीटरांत सरांची सायकल, कुणाची तरी चुकार शेळी, पावसाळ्यात डबकं. रेघेवर उभं राहायचं, एक डोळा झाकायचा आणि तक्ता वाचायचा. शनिवारची सकाळ अशीच सुरू व्हायची.

"झाक उजवा," मासूमा आवडीला म्हणाली.

आवडीनं उजव्या डोळ्यावर करवंटी धरली. डोळा झाकायचं खरं साधन शाळेकडे आलंच नव्हतं. मग मासूमानं घरून नारळाची अर्धी करवंटी काचेनं खरवडून गुळगुळीत करून आणली, तिला बांबूची दांडी बसवली, आणि सगळा वर्ग आळीपाळीनं तीच डोळ्याला लावू लागला.

"हं, वरून."

"ग. र म. त प ल. न ख य ज."

"हळू गो. यष्टी सुटतेय काय तुझी?"

"ब ळ द घ क स व. झालं. दे सहा-सहा."

"घे सहा-सहा. माझ्या बापाचं काय जातंय?"

सहा-सहा म्हणजे निर्दोष नजर. मासूमानं फळ्यावर आवडीच्या नावापुढे तसं लिहिलं आणि करवंटी पुढच्या जोडीला दिली. पुढच्या जोडीनंही त्याच चालीवर, त्याच ठेक्यात, ग, र म, त प ल म्हटलं. वर्गात हा तक्ता न येणारं कुणी नव्हतं. डबा खाताना कुणाला ठसका लागला तरी दुसरा पाठीवर थापट्या मारत "न ख य ज" म्हणायचा. पाढ्यांसारखा तो सगळ्यांच्या तोंडात बसला होता.

महाडच्या त्या विद्यालयात अकरावी-बारावीला हा नवा व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाला, त्याला फार वर्षं झाली नव्हती. चष्म्याच्या काचा घासणं, फ्रेम बसवणं, नंबर काढणं, डोळ्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागणारं जुजबी ज्ञान. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं. गावात मात्र लोक म्हणायचे, चष्म्याची बारावी. सायन्सची पोरं कॉमर्सच्या पोरांना हसायची, कॉमर्सची आर्ट्सच्यांना, आणि आर्ट्सची पोरं चष्म्याच्या बारावीवाल्यांना बघून हाताच्या बोटांची गोल भिंगं करून डोळ्यांना लावायची.

शिकवायला हैबती सर. गडी मूळचा पोलादपूरकडचा. मुंबईत वीस-एक वर्षं चष्म्याच्या कारखान्यात काढलेला. शिकवण्याची पदवी नाही, पण बोटांत कसब. त्यांनी शाळेकडे दुसरा तक्ता मागितला होता, अगदी सुरुवातीलाच. "येईल, येईल" असं उत्तर आलं होतं. पहिली बॅच बाहेर पडली, दुसरी आली, तक्ता तोच राहिला. पावसाची झड आली की सर स्वतः धावत जाऊन त्याच्यावर प्लॅस्टिक टाकायचे.

आवडी तुडीलची. बौद्धवाडीतलं शेवटून दुसरं घर, खाली सावित्रीचा काठ. तिला चष्म्याची बारावी कुणी सुचवली नव्हती. तिनं ती बापासाठी धरली.

सोनबा कशेडी घाटात गँगवर होता. पावसाळ्यात दरड आली की माती-दगड उचलून रस्ता मोकळा करायचा. घाटातली माणसं ट्रकच्या आवाजावरून कुठल्या वळणावर आहे ते सांगतात, सोनबा तर ड्रायव्हर दमलाय का तेही सांगायचा. पण एका श्रावणात तो फावडं घेऊन उभा असताना ट्रक इतक्या जवळून गेला, की त्याच्या खांद्यावरचं इरलं ओढलं गेलं आणि चाकाखाली चिरडलं.

"दिसला नाय तुला?" मुकादमानं विचारलं होतं.

"समोरनं आला असता तर दिसला असता. बाजूनं आला."

"ट्रक बाजूनंच येतात रे बाबा."

ती त्याची घाटातली शेवटची दरड. घरी आल्यावर वाडीतल्या म्हाताऱ्यांनी त्याच्या तोंडासमोर हात हलवून निदान करून टाकलं. मोतीबिंदू. आणि मोतीबिंदूचं एक सगळ्यांना ठाऊक होतं, की तो कच्चा असताना काढत नाहीत. पिकू द्यायचा. पिकला की शिबिरात जायचं, एका सकाळी कापतात, जाड भिंगाचा चष्मा लागतो, आणि माणूस परत पहिल्यासारखा हिंडायला लागतो. पलीकडच्या येसूबाईचा असाच काढला होता.

मग सोनबा ओटीवर बसून वाट बघू लागला. सुंदराबाई, आवडीची आई, लोकांच्या शेतावर जाऊन घर चालवू लागली. आणि आवडीनं दहावीचा निकाल हातात घेऊन बापाला सांगितलं, "बाबा, तुमचा चष्मा मी करीन. माझ्या हातानं काच घासून."

"तवर पिकंल?" सोनबानं विचारलं.

"पिकंल की."

काच घासण्यात तिचा हात पहिल्या महिन्यातच बसला. शेडमध्ये पाण्याच्या धारेखाली गोल दगड फिरायचा, त्यावर काचेचा काठ धरायचा. जास्त दाबलं तर काच तडकायची, कमी दाबलं तर फ्रेममध्ये हलायची. बाकीची पोरं दर दोन मिनिटांनी काच उचलून बघायची. आवडी आवाज ऐकायची. दगडाचा खरखराट बारीक होऊन सुतासारखा लागायला लागला, की ती काच काढायची आणि ती फ्रेममध्ये टक्‌ करून बसायची.

सर बाकीच्यांना म्हणायचे, "बघा. तुम्ही काचेला घासता, ही तिला समजावते."

"सर, आमच्या काचा ऐकत नाहीत," मासूमा म्हणायची.

"तुझ्या काचा तुझ्यासारख्याच असणार."

डोळ्याच्या रोगांवर पुस्तकात थोडी पानं होती. मोतीबिंदूला एक अख्खं पान, चित्रासकट. बाहुलीत पांढुरकी झाक दिसते, पिकला की बाहुली दुधासारखी होते. काचबिंदूला खाली चार ओळी. सर त्या ओळींवरून बोट फिरवून म्हणाले, "डोळ्यातला दाब वाढतो, नस मरते. हे डॉक्टरचं काम. परीक्षेला येत नाही." आणि पान उलटलं.

आवडीनं ते मोतीबिंदूचं पान डोक्यात पक्कं ठेवलं. महिन्याच्या महिन्याला ती बापाला उजेडाकडे तोंड करून बसवायची आणि बाहुलीवर बॅटरी मारायची. बाहुली काळीभोर. स्वच्छ.

"काय म्हनतंय?"

"कच्चा हाय अजून, बाबा. पांढरेपना नाय आला."

"मंग ऱ्हाऊ दे. घाई कशाला?"

शिकलेली पोर सांगते म्हटल्यावर वाडीतले म्हातारेही मान डोलवायचे. सोनबाला आता ताटातली भाकरी दिसायची, पण ताटाशेजारचा तांब्या दिसायचा नाही. तो हात फिरवत तांब्या शोधायचा आणि म्हणायचा, पिकत आला वाटतं.

बारावीच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला शेडमध्ये काचेचा कण उडाला आणि आवडीच्या उजव्या डोळ्यात गेला. तिनं डोळा घट्ट मिटला, पाण्यासाठी चाचपडत वळली, आणि डावा डोळा उघडा असूनही शेड नाहीशी झाली.

दगड फिरत होता, त्याचा आवाज येत होता. दगड दिसत नव्हता. समोर धुरकट करडं काहीतरी, आणि पार डाव्या कडेला, कानाच्या बाजूला, दाराचा उजेड एका फटीएवढा. तिनं मान वळवली तशी फटही वळली.

"पाणी मार, चोळू नको," मासूमानं तिच्या हातात तांब्या दिला.

कण निघाला. उजवा डोळा उघडला तशी शेड परत आली, दगड, पाण्याची धार, मासूमाचा घाबरलेला चेहरा. आवडी बघतच राहिली.

"काय गो? राहिलाय काय अजून?"

"नाय. गेला."

त्या संध्याकाळी तुडीलच्या गाडीत खिडकीशी बसून तिनं उजव्या डोळ्यावर पदर धरला आणि काढला, धरला आणि काढला. पदर धरला की नदी जायची, पूल जायचा, शेजारच्या बाईची टोपली जायची. दुखत काहीच नव्हतं. कधीपासून गेलं होतं, कोण जाणे. शनिवारी करवंटीमागचा डोळा मिटला की दुसराही आपोआप मिटायचा आणि तोंड पाढ्यासारखं चालायचं. गाडीतला दिवा लागला तेव्हा त्याच्याभोवती रंगीत कडं दिसलं. तेही नवीन नव्हतं. सगळ्यांनाच दिसत असेल असं तिला वाटायचं.

ती सरांना सांगणार होती. सोमवारी सकाळी शब्दही जुळवून ठेवले होते. पण सोमवारी सरच हसत वर्गात शिरले.

"पोलादपूरला जानेवारीत शिबिर आहे. मुंबईचा ट्रस्ट आहे, डॉक्टर तिकडून येणार. आणि ऐका नीट. ते पोलादपूरला कायमचं नेत्रकेंद्र काढतायत. आपल्यातला एक मदतनीस घेणार. पगारी. कायम."

चष्म्याच्या बारावीनंतर काय, हे आजवर कुणालाच सांगता आलं नव्हतं.

"मी एक नाव सुचवलंय," सर म्हणाले आणि त्यांनी आवडीकडे बघितलं. "फक्त ते म्हणतात, बारीक काम आहे, तर मुलाचे स्वतःचे डोळे निर्दोष पाहिजेत. ते काय, आपलं दर शनिवारी होतंच."

आवडीनं जुळवलेले शब्द गिळले. तिनं स्वतःशी ठरवलं, शिबिर होऊ दे, नोकरी होऊ दे, मग दाखवू. एक डोळा बरा आहे ना. काम एका डोळ्यानं होतं. घरी सुंदराबाईच्या पायाला चिखल्या झाल्या होत्या. बाप ओटीवर बसून पिकायची वाट बघत होता. त्या नोकरीवर तिघं उभी राहणार होती.

पुढच्या शनिवारी मासूमानं "झाक उजवा" म्हटलं तेव्हा आवडीनं करवंटी धरली आणि करड्या धुराकडे तोंड करून म्हटलं, "ग. र म. त प ल."

"थांब, थांब. मी काठी लावलीच नाही अजून."

"मग लाव की."

"आज मधूनच विचारते. ही कुठली?"

कुठेतरी भिंतीवर काठी टेकल्याचा आवाज आला. किती उंचीवर, ते काही कळलं नाही.

"न ख य ज," आवडी म्हणाली.

"मी शेवटची दाखवतेय. झोपलीस काय गो उभ्या उभ्या?"

"मला वाटलं ओळीनंच चाललीयस. ब ळ द घ क स व. आता दे सहा-सहा, भूक लागलीय."

मासूमा हसली. मागे रांग लागली होती, पोरं कालवा करत होती. तिनं फळ्यावर सहा-सहा लिहिलं. त्यानंतर तिनं कधी मधली ओळ विचारली नाही. सगळे ओळीनंच विचारायचे, तसंच तिनंही चालू ठेवलं.

शिबिराच्या दिवशी आवडीनं बापाला बरोबर घेतलं. सोनबानं धुतलेला सदरा घातला होता.

"आज काढतील?" गाडीत त्यानं विचारलं.

"कच्चा असंल तर तारीख देतील."

"कच्चा कसा असंल? मला आता तुझं तोंड पन अर्धंच दिसतंय."

पोलादपूरच्या बाजारामागे एका सभागृहात शिबिर होतं. दाराबाहेर घोंगड्या पांघरलेली म्हातारी माणसं रांगेत बसली होती. सरांनी आपला तक्ता महाडहून गुंडाळून आणला होता. आवडीनं स्वतः तो खिळ्यावर टांगला, अंतर पावलांनी मोजून खडूची रेघ ओढली, आणि मागच्या खोलीत फ्रेमच्या टेबलाशी जाऊन बसली. सकाळभर तिनं चष्मे बसवले. दोन म्हाताऱ्या चष्मा घालून एकमेकींना बघून म्हणाल्या, "शी गो, तू एवढी म्हातारी झालीस?" आणि आवडी पोट धरून हसली. तिचा तो शेवटचा निर्धास्त तास.

"आवडी, तुझ्या वडिलांचा नंबर आला," मासूमानं दारातून हाक मारली.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बारीक, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी सोनबाच्या डोळ्यात उजेड टाकला, आत बघितलं, पुन्हा बघितलं. मग मिटल्या पापणीवर दोन बोटांनी अलगद दाबून पाहिलं.

"बाबा, कधीपासून कमी दिसतंय?"

"झाली की वर्सं. पिकायची वाट बगत व्हतो."

"काय पिकायची?"

"मोतीबिंदू."

"मोतीबिंदू आहे असं कोण म्हणालं?"

सोनबानं अभिमानानं मान आवडीकडे वळवली. "माझी पोर याच शिक्शनाला हाय. दर म्हैन्याला बगते. कच्चा हाय म्हनते."

डॉक्टरीणबाईंनी आवडीकडे बघितलं. त्यांचा आवाज चढला नाही. "बाहुली काळी आहे म्हणून कच्चा, असं?"

"हो," आवडी म्हणाली.

"हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. हा पिकत नाही, बाबा. यात वाट बघायची नसते. गेलं ते परत येत नाही. उरलंय तेवढं राखायला औषध देते."

सोनबाला काही उलगडा होईना. "मंग कापनार कधी?"

डॉक्टरीणबाई सरांना विचारत होत्या, "तुम्ही जिचं नाव दिलंय ती हीच ना? हिचे डोळे कुणी तपासलेत? हा आजार घराण्यात उतरतो."

"दर शनिवारी तपासतो आम्ही," सर म्हणाले. "सहा-सहा आहे. दोन वर्षं."

"कुठल्या तक्त्यावर?"

"ह्याच."

"दोन वर्षं ह्याच?" बाई थोडा वेळ तक्त्याकडे बघत राहिल्या. "ये गं. रेघेवर उभी राहा. डावा झाक."

आवडीनं मासूमाच्या हातून करवंटी घेतली. उजव्या डोळ्यानं तिनं तक्ता वाचला, खरा वाचला. शेवटच्या ओळीशी जरा अडखळली, इतकंच.

"आता उजवा."

तिनं उजवा झाकला. सभागृह धुरात गेलं. कुणाची तरी पावलं पुढे गेल्याचं ऐकू आलं, कागदाची सळसळ झाली. खिडकीतून वारा आला असेल, असं तिला वाटलं.

"वाच."

आपण कसं बोलतो ते तिला माहीत होतं. फार भराभर नाही, मधे एखादा दम घेऊन, बघून वाचल्यासारखं. "ग. र म. त प ल." ती थांबली, डोळा बारीक केल्यासारखं केलं. "न ख य ज. आणि ब ळ द घ क स व."

बाहेर म्हातारी माणसं खोकत होती.

"काढ करवंटी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिनं काढली. भिंतीशी मासूमा उभी होती, दोन्ही हातांनी तक्ता धरून. तक्ता उलटा होता. पाठ पुढे. त्याची पिवळट, कोरी बाजू, वर एका कोपऱ्यात पाणी मुरल्याचा डाग. आवडीनं आत्ताच त्यावरून सगळ्या ओळी वाचल्या होत्या.

हैबती सर हळूच खाली, बाकावर बसले.

"काय झालं?" सोनबा विचारत होता. "पास झाली का पोर? आवडे, बोल की गो."

पुढचं सगळं डॉक्टरीणबाईंनी सावकाश सांगितलं. डाव्याचं काही होण्यासारखं नाही. उजव्याला सुरुवात आहे. मुंबईला ऑपरेशन करावं लागेल, लवकर. थेंब जन्मभर. "दोन वर्षांपूर्वी आली असतीस," त्यांनी सुरू केलं आणि पुरं केलं नाही.

परतीच्या गाडीत बापलेक शेजारी बसले. सोनबाच्या मांडीवर औषधाची बाटली होती. तो ती बोटांनी फिरवत होता.

"म्हंजे माझंच उतरलं तुझ्यात," तो म्हणाला.

"कुनाच्या हातात असतंय ते?"

"कधीपासनं ठावं व्हतं तुला?"

"दसऱ्यापासनं."

"आनि बोलली नाय."

"नोकरी गेली असती, बाबा."

"ती तर गेलीच."

गाडी महाडकडे उतरत होती. समोरून ट्रक येत होते.

"ह्यो भरलेला हाय," सोनबा आवाज ऐकून म्हणाला. मग म्हणाला, "आनि तू मला दर म्हैन्याला बॅटरी मारायचीस."

आवडीनं तोंड खिडकीकडे केलं. त्याचा राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

ऑपरेशन झालं. बारावीची परीक्षा त्यात बुडाली, ती तिनं ऑक्टोबरात दिली, दाखला आला. तो दाखवायला कुठे जायचं नव्हतं. पोलादपूरची जागा मासूमाला मिळाली.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मासूमा तुडीलला आली. ओटीच्या कडेला बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मी खोकणार होते," ती म्हणाली.

"कधी?"

"तक्ता उलटा केला तेव्हा. खोकून तुला कळवणार होते. घशाशी आलं होतं."

"मग?"

"मग तू वाचायला लागलीस. मला वाटलं, आत्ता थांबेल. र म वर थांबेल. तू थांबेचनास."

"बरं झालं नाय खोकलीस. दुसराबी गेला असता."

"त्या दिवशी शेवटची ओळ दाखवली होती मी. तू चौथी म्हणालीस. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं गो."

"मी कळू दिलं नाय."

"मी हसले."

सुंदराबाईनं बिनदुधाचा चहा आणला, तो दोघींनी प्यायला. जाताना मासूमा म्हणाली, "मामू विचारत होते, काच घासायला माणूस पाहिजे. येतेस काय?"

मासूमाचा मामू म्हणजे इस्माईल. महाडच्या बाजारात त्याचं घड्याळं आणि चष्म्यांचं दुकान, मागे घर आणि पत्र्याची पडवी, पडवीत दगड. आवडी तिथं लागली. गिऱ्हाईकासमोर ती येत नसे, नंबर इस्माईल काढायचा. ती मागे काठ घासायची, आवाजावर. इस्माईल गिऱ्हाईकांना म्हणायचा, "आमची काच हलली तर पैसे परत," आणि ते परत द्यायची वेळ त्याच्यावर येत नसे. सोनबाचा चष्मा मात्र तिनं कधी केला नाही. त्याला कुठल्याच काचेचा उपयोग नव्हता. तो पार अंधारात गेला, तरी वाडीत कुणी विचारलं की ओटीवरून सांगायचा, "पिकतोय." पोरीच्या शिक्षणावर कुणी बोट ठेवू नये, म्हणून. पुढे एका पावसाळ्यात तो गेला.

चष्म्याची बारावी पोरं मिळेनात म्हणून बंद पडली. हैबती सर शाळेतून निघाले तेव्हा तो तक्ता गुंडाळून इस्माईलच्या दुकानात ठेवून गेले. आत बसले नाहीत, चहाला थांबले नाहीत. इस्माईलनं तो दुकानात टांगला.

सुट्टीच्या दिवशी मासूमा पोलादपूरहून मामूकडे यायची. आधी स्वयंपाकघरात डोकावायची, मग पडवीत येऊन आवडीला कामावरून उठवून दुकानात तक्त्यासमोर आणायची. तिच्या पिशवीत अजून तीच करवंटी असायची, दांडी बदललेली. केंद्रावर तिला चांगलं साधन मिळालं होतं. आवडीसाठी ती हीच काढायची.

"चल. डावा झाक."

"डावा झाकून काय करू? तो झाकलेलाच हाय."

"झाक म्हणते ना."

आवडी हसून झाकायची. थेंब चुकत नव्हते, तरी उजव्याच्या कडा आत येत चालल्या होत्या. दुकानाचं दार दिसेनासं झालं, मग दारातला काउंटर. समोरचं तेवढं राहिलं होतं, नळीतून बघावं तसं, आणि या पावसाळ्यापासून तेही धूसर व्हायला लागलं होतं.

"सुलटा टांगलायस ना?" तिनं नेहमीसारखं विचारलं.

"सुलटा आहे."

"वाच म्हण."

"वाच."

"ग," आवडी म्हणाली. मग बराच वेळ घेऊन, "र म." मासूमानं काठी खाली सरकवली. "त. प. ल."

काठी आणखी खाली आली. दुकानात कुणीतरी घड्याळाला किल्ली देत होतं, त्याची करकर ऐकू येत होती.

"ही?" मासूमानं विचारलं.

मागच्या खेपेला ही ओळ आवडीनं वाचली होती. आता तिथं काळसर मुंग्या फिरल्यासारखं होतं. ओठांवर अक्षरं आपसूक आली, ठेक्यासकट, चारही.

तिनं ओठ मिटले.

"पाठ हाय," ती म्हणाली. "दिसत नाय."

मासूमानं काठी भिंतीवरून काढून घेतली.